चार वाट्यांची एक वाटी

फराळाचे डबे तळाला जाऊ लागले आणि पहाटेच्या गारव्यात एक चादर पुरेनाशी झाली, की घरात पहिली शिंक ऐकू येते. ती बहुधा धाकट्याची असते. शाळेतून आणलेली ही भेट तो मोठ्या उदारपणे सर्वांना वाटतो आणि आठवड्याच्या आत ती आजींपर्यंत पोहोचते. अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो : काढा!

कशाचा आणि किती, हे मात्र हल्ली कोणी विचारीत नाही. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा घरोघरी काढ्याची पातेली चढली आणि मिसळणाच्या डब्यात जे जे म्हणून तिखट होते ते ते त्यांत पडले. मिरी मुठीने, दालचिनी बोटाएवढी, वर लवंगा. आणि असले पेय दिवसातून चार वेळा! खोकला किती गेला ते ज्याचे त्याला ठाऊक. छातीत जळजळ होणारी आणि तोंड आलेली माणसे मात्र पुष्कळ भेटली. वास्तविक त्याच वर्षी केंद्राच्या आयुष मंत्रालयाने जो काढा सुचविला होता, त्यात माप होते. तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि मिरी १. आणि या भुकटीचे अवघे ३ ग्रॅम १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात.

माप हाच काढ्याचा प्राण आहे. शार्ङ्गधरसंहितेत भरड औषधाच्या सोळापट पाणी घालून ते आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायला सांगितले आहे. कोवळ्या पाल्याला एवढे पाणी लागत नाही. चार वाट्यांची एक वाटी करण्याची आपली घरगुती रीत पाल्याला पुरेशी आहे.

आणि पाला म्हटला की पहिला मान अडुळशाचा. कोकणात, देशावर कुंपणाला लावलेले हे झुडूप गुरे-शेळ्या सहसा तोंडात धरीत नाहीत, म्हणून टिकते. शहरात पाला विकणाऱ्या बायकांकडे विचारले तर जुडी मिळते.

वीस जून, गडद हिरवी पाने घ्यावीत. धूळ फार धरतात. दोन पाण्यांनी धुवून हातानेच तोडावीत. त्यांत बोटाच्या पेराएवढा ज्येष्ठमध ठेचून, तेवढेच आले, दोन पिंपळ्या आणि तुळशीची दहा पाने घालावीत. चार वाट्या पाणी घालून, झाकण न ठेवता, मंद आचेवर पाऊण तास उकळावे. घाई करून आच वाढविली तर पाणी आटते, पण पाल्याचा अर्क उतरत नाही. एक वाटी उरली की फडक्यातून गाळून चोथा पिळून घ्यावा. खडीसाखर घालायची ती गरम असतानाच. मध घालायचा तर कोमट झाल्यावर. मोठ्या माणसाला पाव वाटी सकाळी, पाव वाटी संध्याकाळी. म्हणजे वाटीभर काढ्यात दोघांचा एक दिवस भागला. उरलेला काढा उद्यासाठी झाकून ठेवू नये, तो आंबतो. बाटलीत भरायचाच असेल, तर वाटीभर काढ्याला दोन वाट्या साखर घालून पाक करावा आणि फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावा. मधुमेहाच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

कित्येकींना काढ्यापेक्षा नुसता रस बरा वाटतो. पण हिरवी पाने वाटून पिळली तर हाताला चार थेंब लागतात. म्हणून जुने वैद्य पाने गुंडाळून, वर मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजीत आणि मग पिळीत. याला पुटपाक म्हणतात. आता निखारे कुठले आणायचे? मोदकपात्रात दहा मिनिटे वाफवली तरी रस सुटतो.

अडुळसा हे नुसते समजुतीचे औषध नव्हे. त्यात वासिसीन नावाचे द्रव्य आहे. त्याच्याच धर्तीवर रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन तयार केले, आणि कफ पातळ करण्यासाठी डॉक्टर आजही ते देतात. कुंपणावरचे झुडूप असे औषधांच्या दुकानात जाऊन बसले आहे!

पण जे औषध आहे, ते कोणाला तरी बाधणारच. वासिसीन गर्भाशयावरही काम करते. गरोदर बाईने अडुळशाचा काढा घेऊ नये. ज्येष्ठमध आठवडेच्या आठवडे घेतल्याने रक्तदाब वाढतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. आजी कितीही आग्रह करोत, त्यातून होणारे विषबाधेचे दुखणे दुर्मिळ असले तरी जिवावरचे आहे. वर्ष उलटलेल्या मुलाला मात्र रात्री चमचाभर मध दिला तर खोकला हलका होतो, हे नव्या पाहण्यांतही दिसून आले आहे.

२०२५ च्या शरदात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या विषारी औषधाने बालके दगावली, आणि साऱ्या देशातल्या आयांनी कपाटातल्या बाटल्यांकडे संशयाने पाहिले. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे सरकारने त्या वेळी बजावले. बाटली टाकून पातेल्याकडे वळणाऱ्या आईचे मन समजते. परंतु बाटलीला लावला तोच नियम पातेल्यालाही लावायला हवा. ‘झाडपालाच तो, करणार काय?’ हे बोलणे बाळाच्या बाबतीत चालायचे नाही. तान्ह्याला कफ दाटला, श्वास भरभर चालला, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, की काढा उकळत बसू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

मोठ्यांचेही एक सांगायचे आहे. साधी सर्दी काढ्याने वा काढ्यावाचून आठ-दहा दिवसांत ओसरते. काढा तेवढे दिवस सुसह्य करतो. मात्र खोकला दोन आठवडे हटला नाही, संध्याकाळी अंग कोमट लागू लागले, वजन उतरले किंवा थुंकीत रक्त दिसले, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. एके काळी क्षयरोग्याची सारी आशा अडुळशावर असे. आता क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात आणि नियमाने घेतली तर रोग बरा होतो. ‘घरचा काढा चालू आहे’ म्हणत महिने घालविणाऱ्या माणसाच्या श्वासातून तो रोग घरातल्या लेकरांपर्यंत जातो.

गॅलरीत एक कुंडी रिकामी असेल, तर अडुळशाची वीतभर जून फांदी आणून खोचावी. ती सहज मूळ धरते, फार कौतुक मागत नाही. थंडीत तिला पांढरी फुले येतात. फूल उपटून देठाकडून चोखले की मधाचा थेंब जिभेवर उतरतो. मुलांना हे शिकवावे लागत नाही, एकदा दाखवले की पुरे. मग फुले शिल्लक राहतील अशी आशा मात्र धरू नये.