उघडा फिल्टर, उपाशी इंजिन

बॉबलिंगेनला १९२५ साली विमानतळ सुरू झाला. आज त्या जागी मोटरवर्ल्ड आहे आणि जुन्या मोटारी तेथे काचेच्या खोल्यांत मांडून ठेवलेल्या दिसतात. रविवारी आम्ही तिकडे गेलो की एखादा मराठी तरुण हटकून भेटतो आणि बोलणे गाड्यांवर येते. मागच्या खेपेस इचलकरंजीच्या एका तरुणाने आपली हकीगत सांगितली.

त्याने कार्ब्युरेटरची एक जुनी मोटरसायकल घेतली, एअर फिल्टरचा डबा काढून टाकला आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसविला. आवाज भरदार झाला. पिकअप मात्र गेला. पुढे आउटोबानवर भर वेगात पिस्टन जाम झाला आणि मागचे चाक अडकले. क्लच वेळीच दाबला म्हणून तो बचावला. "डबा काढला की इंजिन मोकळा श्वास घेईल, असे वाटले होते," तो म्हणाला.

असे अनेकांना वाटते, म्हणून या विषयाची थोडी फोड करू.

पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्ब्युरेटर विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ साली तयार केला. त्याआधी १८८५ साली डाइमलर आणि मायबाख यांनी येथून जवळच, कानस्टाटला, पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी बनविली होती. फवाऱ्याचे तत्त्व साधे आहे. अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तेथील दाब उतरतो आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर येते. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. ३५० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर हिशेबाने ते मिनिटाला ७०० लिटरपर्यंत हवा ओढते.

फिल्टर आणि डबा यांचा अडथळाही या ओढीत भर घालतो. कारखान्यात जेटचा आकार ठरविताना तो हिशेबात धरलेला असतो. डबा काढला की हवा वाढते, पण पेट्रोलची ओढ त्या मानाने वाढत नाही. इंजिन उपाशी राहते, तापते, पिस्टन फुगतो आणि अखेर जाम होतो. त्याआधी गाडी खुणा देते: मूठ पिळताच ती अडखळते, कार्ब्युरेटर खोकतो, प्लगचे टोक पांढरे पडते. चहाच्या रंगाचे टोक चांगले. काजळी धरलेले टोक म्हणजे पेट्रोल जास्त.

उघडा फिल्टर लावायचाच असेल तर मेन जेट मोठा घ्यावा लागतो, सुई वर उचलावी लागते, पायलट स्क्रूही पुन्हा लावावा लागतो. एका वेळी एकच बदल करावा आणि गाडी चालवून प्लग पाहावा. हवेच्या दाबाने स्लाइड उचलणाऱ्या कार्ब्युरेटरचे काम आणखी अवघड, कारण डबा हवेचे हेलकावेही शांत करीत असतो. कधी कधी मधल्या वेगातले अडखळणे काही केल्या जात नाही.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर फ्युएल इंजेक्शन सर्रास आले. त्यातला कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरवरून पेट्रोल कमीजास्त करतो, पण ठराविक मर्यादेतच. मूठ पूर्ण पिळली असता तो बहुधा ठरलेल्या आकड्यांवरच चालतो.

धुळीचा प्रश्न वेगळाच. बॉबलिंगेनच्या स्वच्छ रस्त्यावर जो फिल्टर निभावतो, तो ऊसवाहतुकीच्या दिवसांत गावाकडे निभावेलच असे नाही. हलक्या फिल्टरमधून बारीक धूळ आत गेली की रिंगा झिजतात आणि गाडी तेल खाऊ लागते. पावसाचे पाणीही थेट फिल्टरवर येते. शिवाय जर्मनीत मोटरसायकलची तपासणी दर दोन वर्षांनी असते. बदलामुळे धूर किंवा आवाज वाढला तर गाडीचा परवानाच रद्द ठरतो.

पिकअप कमी वाटला तर आधी मूळ फिल्टर पाहावा. तो तुंबला असेल तर पेट्रोल जास्त जाते आणि अॅव्हरेज घटते. नवा फिल्टर नव्या पिस्टनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

त्या तरुणाने आता नवा पिस्टन बसवून घेतला आहे. काढलेला डबा तळघरात ठेवला होता. तोही पुन्हा जागेवर बसला आहे.