शिवार विकायचं नाही

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव. वन हक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्याला १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ग्रामसभेच्या हाती ठेवलं.

जंगल राखलं, पण शेतं? ती एकेकट्याच्या नावावर, अडीनडीला हातची जाणारी. म्हणून २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याचा आधार घेतला. जमीन कसायची ज्याची त्याने, गावाबाहेर विकायची मात्र कुणीच नाही. तेही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. केवढं हे धाडस!

ज्यांच्या शिवारात आज प्लॉटचे खुंटे ठोकले जाताहेत, त्या गावांनी हा कायदा ग्रामसभेत एकदा वाचून घ्यावा.