सुरीची मूठ

स्वयंपाकघरातील एखादी जुनी सुरी हातात घेऊन पाहिली, तर एक गोष्ट बहुधा ध्यानात येते. पाते अजून कामाचे असते, लोहाराने दिलेले पाणीही उतरलेले नसते; परंतु मूठ मात्र तडकलेली आणि चिंधीने किंवा सुतळीने गुंडाळलेली असते. लोखंडापेक्षा लाकूड नाजूक, तेव्हा असे व्हायचेच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. योग्य लाकडाची, नीट वाळवून बसविलेली मूठ पाते झिजून अरुंद होईपर्यंत टिकते. ती अकाली फुटली, तर दोष लाकडाचा नसून लाकूड निवडणाराचा असतो. शिवाय हा प्रश्न केवळ खर्चाचा नव्हे. लाल भोपळ्यासारखे कठीण फळ कापताना हाताचा सारा भार मुठीवर येतो. त्या क्षणी मूठ दुभंगली, तर हात पुढे घसरून थेट धारेवर जातो.

मुठीला जे सोसावे लागते, ते घरातील दुसऱ्या कोणत्याही लाकडी वस्तूला क्वचितच सोसावे लागत असेल. पाट असो, पलंग असो, तो एकदा तयार झाला की कोरडाच राहतो. सुरीची मूठ मात्र दिवसातून चार वेळा भिजते व चार वेळा वाळते. तिला तेल लागते, मीठ लागते, चिंचेचे आंबट पाणी लागते. म्हणून मुठीच्या लाकडाचा विचार करावयाचा, तो प्रथम पाण्याच्या संबंधात केला पाहिजे. रंगरूपाचा विचार त्यानंतर.

लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या असंख्य सूक्ष्म नळ्यांची जुडी होय. नुकत्याच तोडलेल्या झाडात या नळ्या पाण्याने भरलेल्या असतात, आणि नळ्यांच्या भिंतींतही पाणी मुरलेले असते. लाकूड वाळू लागले, की आधी पोकळीतील पाणी जाते. त्यामुळे वजन घटते, पण आकार बदलत नाही. लाकडातील पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे शेकडा ३० वर आले, की भिंतींतील पाणी निघू लागते. आणि खरे आकसणे तेथून सुरू होते. हे आकसणेही सर्व दिशांनी सारखे नसते. लांबीत लाकूड शेकडा अर्ध्यानेही कमी होत नाही. परंतु आडव्या छेदात दिसणाऱ्या वर्तुळांच्या दिशेने ते शेकडा ५ ते १० इतके आकसते, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या साधारण निम्मे.

आता ओल्या लाकडाची मूठ पात्यावर बसविली, तर काय होईल, हे सहज कळेल. लाकूड आकसू पाहते; आत शिरलेले पात्याचे लोखंडी टोक काही आकसत नाही. साहजिकच लाकूड त्याच्याभोवती तडकते. कुऱ्हाडीच्या बाबतीत याच्या उलट घडते. तेथे लोखंड बाहेर आणि लाकूड आत असते. म्हणून दांडा फुटत नाही, तो ढिला होतो. कोकणात पावसाळ्यात केलेली मूठ विदर्भात नेली, आणि वैशाखात तिला चीर पडली, तर त्यात सुताराची फसवेगिरी शोधण्याचे कारण नाही. हवेतील कोरडेपणाने आपले काम केलेले असते.

यासाठी अनुभवी कारागीर मुठीचे ठोकळे आधी कापून ठेवतात, त्यांच्या दोन्ही टोकांना मेणाचा किंवा शेणमातीचा लेप देतात आणि ते सावलीत, वारा खेळेल अशा जागी रचतात. टोकांना लेप द्यावयाचा, कारण नळ्यांची तोंडे तेथे उघडी असतात. तेथून पाणी झपाट्याने उडून गेले, तर टोके आधी आकसून चिरतात. ठोकळा वाळला की नाही, हे ओळखण्याची सोपी रीत म्हणजे तराजू. आठ-आठ दिवसांनी वजन करावे. लागोपाठ काही वेळा ते सारखेच भरले, म्हणजे लाकूड त्या जागेच्या हवेशी जुळले असे समजावे. घाई करून ठोकळे उन्हात टाकणारा मनुष्य वेळ वाचवीत नाही, लाकूड वाया घालवितो.

एकाच झाडाच्या खोडातही सगळे लाकूड सारख्या गुणाचे नसते. सालीलगतचा फिकट भाग, म्हणजे रसकाष्ठ, झाड जिवंत असताना पाणी वर नेतो आणि अन्न साठवितो. त्यातील पिष्टमय अंशावर किडे तुटून पडतात. बाभळीच्या वस्तूतून पिठासारखी भुकटी गळताना दिसते, ती याच भागातून. आतला गडद भाग म्हणजे मध्यकाष्ठ. तेथे वाहतूक थांबलेली असते आणि झाडाने राळ, कषाय, रंगद्रव्ये असे पदार्थ तेथे साठविलेले असतात. कीड व बुरशी यांना ते मानवत नाहीत. लाकडाला रंग देणारे आणि त्याचे आयुष्य वाढविणारे पदार्थ पुष्कळदा हेच असल्यामुळे शोभा आणि टिकाऊपणा बहुधा गाभ्यातच एकत्र सापडतात. निम्मी पांढरी, निम्मी काळसर अशी मूठ दिसावयास मोहक असते खरी. पण तिचा पांढरा अर्धा भाग आधी जातो.

महाराष्ट्रातील झाडांपैकी मुठीच्या कामी प्रथम नाव घ्यावे ते बाभळीचे. तिचा गाभा तांबूस तपकिरी, कणखर आणि आघात सोसणारा असतो. गाडीची चाके आणि नांगर यांसाठी शेतकऱ्याने पिढ्यान्पिढ्या बाभूळच पसंत केली. ती बांधावर सहज मिळते म्हणून तिची किंमत कोणाला वाटत नाही, एवढाच तिचा अपराध. खैर तिच्याहून जड आहे. एका घनमीटर वाळलेल्या सागाचे वजन सुमारे ६५० किलोग्रॅम, शिसवाचे ८५० च्या आसपास, तर खैराचे १००० च्या जवळ भरते. ज्या गाभ्यापासून कात काढतात, तोच हा तांबडा गाभा. वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही. चिंचेचा जांभळट काळा गाभाही उत्तम, परंतु तो जुन्या झाडातच मिळतो आणि घासताना कारागिराचा घाम काढतो. टेंभुर्णीचा काळाभोर गाभा पाहताक्षणी मन वेधून घेतो. मात्र वाळताना तो फार चिरतो.

सागाविषयी थोडा गैरसमज आहे. दारे-खिडक्यांना साग उत्तम, म्हणून मुठीलाही तोच उत्तम, असे पुष्कळांना वाटते. सागात नैसर्गिक तेल असते आणि पाण्याने तो फारसा हलत नाही, हे त्याचे मोठेच गुण. परंतु त्याची छिद्रे मोठी असतात, त्यांत तेलकट मळ साठतो, आणि दाबाखाली तो कठीण लाकडांइतका टिकत नाही. आंबा व सावर यांचा तर विचारच करू नये. भिजत्या जागी ती लवकर कुजतात.

सौंदर्यात पहिला मान शिसवाचा. जांभळट तपकिरी अंगावर काळ्या रेषा, घासल्यावर येणारी तुकतुकी आणि हाताला जाणवणारा भारदस्तपणा, असे सर्व गुण त्यात एकवटले आहेत. मात्र त्याच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ उठते. म्हणून घासताना नाकातोंडावर फडके बांधणे बरे. शिवाय शिसव सावकाश वाढतो आणि त्याची तोड अतोनात झाली. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या संपूर्ण कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याच्या बंधनाखाली आला. साग, खैर यांसारखी झाडे स्वतःच्या शेतातील असली, तरी ती परवानगीवाचून तोडू नयेत, अशी तरतूद महाराष्ट्राच्या १९६४ च्या कायद्यानेही केली. मुठीला लागणारे लाकूड ते किती? मोडक्या शिसवी पलंगाचा एक पाय मिळाला, तरी त्यातून चार-पाच मुठी निघतात. आणि ते लाकूड कित्येक वर्षांचे वाळलेले असते, हा आणखी लाभ.

लाकडाची जात ठरली, तरी निवड संपत नाही. गाठीजवळ, फांदी फुटते त्या जागी किंवा मुळाशी लाकडाचे तंतू वळसे घेतात, आणि तेथे लाटांसारखी, डोळ्यांसारखी नक्षी उमटते. ही नक्षी म्हणजे वाकड्या तंतूंचे चित्र. ज्या ठिकाणी तंतू मुठीच्या लांबीला सोडून तिरपे बाहेर पडतात, तेथे लाकूड फुटावयास तयारच असते. पाते मुठीच्या शेवटापर्यंत रुंद असून त्याच्या दोन बाजूंना लाकडी तुकडे खिळ्यांनी जखडलेले असतील, तर भार लोखंड सोसते. तेथे नक्षीदार लाकूड खुशाल वापरावे. ऊसतोडणी करणाराच्या कोयत्याला मात्र ते कधीही लावू नये. त्याचा हात दिवसभर घाव घालीत असतो, आणि दुखावलेल्या हातासह त्याची मजुरी त्याच दिवशी थांबते. तेथे सरळ तंतूची साधी बाभूळच हवी. कुऱ्हाडीच्या लांब दांड्याला तर धामण किंवा तिवस घेतात, कारण ही लाकडे लवचीक असून आघाताचा हिसका गिळतात. तंतूंची दिशा डोळ्यांना दिसत नसेल, तर रंधलेल्या बाजूवर शाईचा एक थेंब टाकावा. शाई तंतूंच्या वाटेने पसरते आणि तिरपेपणा लगेच उघड होतो.

टोक आत शिरवावयाची मूठ असेल, तर भोक पाडून त्यात लाख भरतात, पात्याचे टोक तापवून दाबतात आणि मुठीच्या तोंडाशी धातूची शेंबी चढवितात, म्हणजे तेथे लाकूड फाकत नाही. लाख उष्णतेने मऊ होते. म्हणून अशी सुरी कढत पाण्यात बुडवून ठेवू नये. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात देतात. हे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते व छिद्रे बुजविते. खोबरेल तसे करीत नाही. मात्र रंगाच्या दुकानातील जलद वाळणाऱ्या जवस-तेलात धातूंची संयुगे मिसळलेली असतात, ते स्वयंपाकघराच्या सुरीला वापरू नये. तेल पुसलेली चिंधीही चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. तेल घट्ट होत असताना उष्णता निर्माण होते, आणि बोळ्यात ती कोंडली, तर चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती मोकळी पसरून कडक वाळू द्यावी आणि मगच टाकून द्यावी.