संगणकातील चोरदरवाजा आणि बिनपगारी पहारेकरी



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या कुलपांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण कारखान्यात आणि युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापाशी झाले. परंतु जेथे काम आहे तेथे ते करणारा कोण आणि त्याला काय मिळते, हे विचारण्याची आम्हांस खोड आहे. त्या खोडीपायीच आम्ही या विषयात शिरलो.

संगणक हे यंत्र. त्याने काय करावे हे सांगणाऱ्या लेखी आज्ञा म्हणजे सॉफ्टवेअर. जगातील मोठमोठ्या संगणकांपैकी पुष्कळ ‘लिनक्स’ या व्यवस्थेवर चालतात. ती कोणा एकाची निर्मिती नव्हे. तिचे असंख्य लहान भाग देशोदेशींच्या लोकांनी लिहून सर्वांस खुले ठेवले आहेत. त्यांपैकीच एक ‘एक्सझेड’. मोठी फाइल दाबून लहान करणे, एवढेच त्याचे काम. ते सांभाळणारा मुख्यतः एकच गृहस्थ, फिनलंडमधला. आणि तोही बिनपगारी.

2021 मध्ये ‘जिया टॅन’ असे नाव सांगणारे कोणी त्याच्या मदतीस आले. काम चोख होते. 2022 मध्ये काही अनोळखी नावांनी मूळ गृहस्थामागे तगादा लावला, की काम रखडले आहे, दुसऱ्या कोणाच्या हाती द्या. आपण हे फावल्या वेळात विनामोबदला करतो, असे त्याने सांगून पाहिले. अखेर किल्ल्या मदतनीसाच्या हाती गेल्या. फेब्रुवारी आणि मार्च 2024 मध्ये निघालेल्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविला गेला. तो चाचणीसाठी ठेवलेल्या नमुना-फायलींत दडविला होता. लिनक्सच्या काही प्रकारांत, दुरून संगणकात शिरण्याचे जे अधिकृत दार, त्याच्याशी या भागाचा आडून संबंध येतो. त्यामुळे गुप्त किल्ली बाळगणाऱ्याला पासवर्डावाचून त्या संगणकास हुकूम सोडता आला असता.

मग तो सापडला कसा? मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारा आंद्रेस फ्रॉइंड वेगळ्याच सॉफ्टवेअरचा वेग मोजत होता. त्या दारातून आत जाण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्याच्या ध्यानी आले. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. परंतु यंत्राचा आवाज किंचित बदलला तरी कान टवकारणारा जुना फिटर आम्ही पाहिला आहे. हा गृहस्थ त्याच जातीचा. त्याने माग काढला आणि 29 मार्च 2024 रोजी सर्वांना सावध केले. त्या आवृत्त्या तोवर मुख्यतः चाचणीच्या संचांतच पोहोचल्या होत्या. म्हणून थोडक्यात निभावले.

कोणी म्हणेल, खुले ठेवले म्हणूनच चोर शिरला. आम्ही म्हणतो, खुले होते म्हणूनच एका परक्या माणसाला माग काढता आला. खरी भेग दुसरीकडे आहे. 2014 मध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’मध्ये तो दोन वर्षे कोणाच्या नजरेस न पडता राहिला होता. त्या सॉफ्टवेअरवर जगातील अगणित व्यवहार विसंबून होते. पण त्याला पूर्णवेळ वाहिलेला माणूस एकच, आणि वर्षाच्या देणग्या सुमारे 2000 डॉलर!

पहारेकऱ्याला पगार नाही, बदली नाही, रजा नाही; आणि वाड्यातले सर्व मात्र निर्धास्त झोपलेले. असा पहारेकरी एके दिवशी थकतो, आणि मदतीस आलेल्या पहिल्या माणसाच्या हाती किल्ल्या देतो. यात दोष त्याचा नव्हे. त्याच्या फुकट श्रमावर इमले चढविणाऱ्यांचा आहे. त्यांनी त्याचा मोबदला दिला पाहिजे, आणि जोडीला दुसरा माणूस दिला पाहिजे.

आपल्यापुरते एक करावे. फोनवर अपडेटची सूचना आली की ती कंटाळून ढकलू नये. बहुधा कोठली तरी भेग बुजविण्यासाठीच ती आलेली असते. त्यामागे कोणाची तरी जागलेली रात्र असते, एवढे ध्यानात असू द्यावे.