केसांआडचा व्रण

शरीरावरचा व्रण झाकण्यासाठी मनुष्याजवळ वस्त्रे आहेत. मस्तकावरचा व्रण झाकण्याची सोय निसर्गाने केसांच्या रूपाने करून ठेवली आहे. अडचण एवढीच की, व्रण जेथे पडतो नेमके तेथलेच केस नाहीसे होतात. मग उरलेल्या केसांनी ती जागा झाकण्याची आयुष्यभराची खटपट सुरू होते. भांग डावीकडून उजवीकडे जातो, वाऱ्याच्या झुळुकीची आणि पावसाच्या सरीची धास्ती वाटू लागते, ठरावीक न्हाव्यावाचून दुसऱ्यापुढे डोके वाकविणे नकोसे होते.

सीमाभागातील आपल्या या शहरात प्लास्टिक सर्जन म्हणून काम करताना अशा रुग्णांशी माझा बरीच वर्षे संबंध येत आहे. आपल्या समाजात डोके उघडे पडण्याचे प्रसंग ठरलेले असतात : बाळाचे जावळ, मुलाची मुंज आणि वडिलधाऱ्यांच्या निधनानंतरचे क्षौर. जावळाच्या वेळी प्रथमच दिसलेला जन्मजात व्रण घेऊन घाबरलेले आईवडील येतात. एका गृहस्थांनी तर बालपणी भाजल्याचा व्रण पन्नाशीपर्यंत पत्नीखेरीज कोणाच्याही दृष्टीस पडू दिला नव्हता. वडील गेले तेव्हा दुःखाच्या जोडीला क्षौराची धास्ती होती आणि त्या धास्तीचीच अधिक लाज वाटली, असे त्यांनी मला पुढे सांगितले. या विषयाकडे केवळ ‘सौंदर्याचा प्रश्न’ म्हणून पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

व्रणावर केस का उगवत नाहीत?

मस्तकाच्या आवरणाचे पाच थर आपण वैद्यकीय मंडळींनी विद्यार्थिदशेतच पाठ केलेले असतात. सामान्य वाचकांसाठी एवढेच सांगतो की, केसांची मुळे त्वचेच्या पृष्ठभागावर नसून खोलवर, त्वचेखालच्या चरबीच्या थरापर्यंत रुजलेली असतात. म्हणून वरवर खरचटले तर केस पुन्हा येतात. मात्र खोल भाजले, कातडी फाटली वा सडली, तर मुळे नष्ट होतात आणि त्यांच्या जागी तंतुमय ऊतक भरून येते. जन्मानंतर शरीर नवी केसमुळे तयार करीत नाही. बी जळालेल्या शेतात कितीही पाणी घातले तरी पीक येत नाही, तसेच हे आहे. नाना प्रकारची तेले, लेप, कांद्याचा रस किंवा मिनॉक्सिडिलही पूर्ण तयार झालेल्या व्रणावर केस उगवू शकत नाही.

येथे चाई आणि व्रण यांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. चाईमध्ये केस गळाले तरी त्वचेवरील बारीक रंध्रे शाबूत असतात व केस परत येण्याची आशा असते. व्रणाची त्वचा गुळगुळीत, चकाकणारी असते आणि रंध्रे पुसली गेलेली असतात. साध्या भिंगातूनही हा फरक पुष्कळदा कळतो. डर्मोस्कोपने तो अधिक स्पष्ट होतो.

कारणे अनेक आहेत. आधणाचे पाणी अंगावर सांडणे, स्टोव्हचा भडका, रस्त्यावरचे अपघात, मेंदूवरील शस्त्रक्रिया ही सर्वांच्या परिचयाची. लहान मुलांच्या डोक्यातील गजकर्ण चिघळून पूमय गाठ होते, तिला केरिऑन म्हणतात. ती करट समजून फोडली जाते, परंतु तिला चिरा नव्हे, तर पोटातून द्यावयाची बुरशीविरोधी औषधे लागतात; उशीर झाल्यास कायमचा व्रण राहतो. लायकेन प्लॅनोपायलॅरिस आणि डिस्कॉइड ल्यूपस हे विकार आतून केसमुळांचा नाश करतात. वर्षानुवर्षे करकचून घातलेल्या वेण्यांमुळेही कपाळाकडच्या कडेचे केस कायमचे जातात.

उपचारापूर्वीचे तीन प्रश्न

रुग्ण समोर बसताच ‘कोणती शस्त्रक्रिया?’ हा प्रश्न करू नये. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे हवीत.

पहिला, व्रण परिपक्व झाला आहे काय? व्रणाची लाली ओसरून तो मऊ होण्यास साधारण एक ते दीड वर्ष लागते. तोवर घाई न करणे हेच हिताचे.

दुसरा, मूळ रोग शांत आहे काय? वर उल्लेखिलेल्या विकारांत रोग धुमसत असताना केसरोपण केले, तर नव्या केसांचीही तीच गत होते. शंका असल्यास त्वचेचा तुकडा तपासून घ्यावा, औषधोपचार करावा आणि रोग एक-दोन वर्षे पूर्ण शांत राहिल्यानंतरच पुढचा विचार करावा.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : व्रणावर न भरणारी जखम आहे काय? जुन्या भाजलेल्या व्रणावर चिघळणारे क्षत दिसू लागले, तर त्यात कर्करोग दडलेला असू शकतो. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांनी १८२८ साली व्रणांतील अशा क्षतांचे वर्णन केले. आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अशा जागी महिनोन्महिने मलम लावीत बसणे धोक्याचे आहे, बायॉप्सी करावी. झाकून ठेवलेल्या व्रणाचा खरा धोका हाच की, तो डॉक्टरांपासूनही झाकला जातो.

शस्त्रक्रियेचे मार्ग

व्रण अरुंद असेल तर तो कापून दोन्ही कडा जोडणे हा सर्वांत सरळ उपाय. मस्तकाची त्वचा खालच्या कठीण पडद्यामुळे फारशी ताणली जात नाही, म्हणून रुंद व्रण काही महिन्यांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत काढावा लागतो. छेद केसमुळांच्या तिरकस दिशेला समांतर घ्यावा, विद्युतदाहाचा वापर बेताने करावा, म्हणजे कडेची मुळे वाचतात. एका कडेचा वरचा पातळ थर काढून त्यावर दुसरी कडा बसविली, तर पुढे त्या रेषेतूनच केस बाहेर येतात. या युक्तीला ट्रायकोफायटिक पद्धत म्हणतात.

शेजारची केसयुक्त त्वचा रक्तपुरवठ्यासह फिरवून आणणे हा दुसरा मार्ग. या शास्त्राशी आपल्या भूमीचे नाते जुने आहे. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याकडील एका वीटकाम करणाऱ्या ज्ञातीतील कारागिराने कपाळाच्या कातडीतून नाक घडविल्याची हकीकत छापून आली आणि युरोपातील शल्यविशारद त्या तंत्राकडे वळले. मस्तकापुरते बोलायचे, तर ऑर्टिकोचिया यांनी १९६७ साली चार आणि १९७१ साली तीन मोठ्या फ्लॅप्सची योजना मांडली. मांडीची पातळ कातडी लावून जखम भरते हे खरे, पण तेथे केस येत नाहीत, हे रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे.

मोठ्या व्रणासाठी टिश्यू एक्स्पांडर हे मोठे वरदान आहे. न्यूमन यांनी १९५७ साली कानाच्या पुनर्रचनेसाठी त्वचेखाली फुगा ठेवून ती वाढविली. पुढे रादोव्हान यांनी १९७६ पासून हे तंत्र रूढ केले. निरोगी केसयुक्त त्वचेखाली सिलिकॉनची रिकामी पिशवी ठेवतात आणि टाके भरून आल्यावर दर आठवड्याला सलाइन भरीत जातात. दोन-तीन महिन्यांत त्वचा वाढते. मग पिशवी व व्रण दोन्ही काढून ती वाढीव त्वचा ओढून बसवितात. अर्ध्या मस्तकापर्यंतचा व्रण या रीतीने झाकता येतो. केसमुळांची संख्या मात्र वाढत नाही. तेच केस अधिक जागेत पसरतात. सुदैवाने निम्मी दाटी राहिली तरी डोळ्यांना विरळपणा फारसा जाणवत नाही. तोटा असा की, मधल्या काळात डोक्यावर टेंगूळ घेऊन वावरावे लागते आणि जंतुसंसर्ग झाला तर पिशवी काढावी लागते.

केसरोपणाची जाहिरात आज टक्कल पडलेल्या पुरुषांसाठी होते. परंतु त्याचा उगम व्रणांच्या उपचारातच आहे. जपानचे ओकुडा यांनी १९३९ साली भाजलेल्या व इतर व्रणांवर केसयुक्त त्वचेचे बारीक तुकडे रोवल्याचे प्रसिद्ध केले. महायुद्धाच्या धामधुमीत ते पाश्चात्त्यांच्या नजरेआड राहिले. टकलावरील रोपणाचा पाया ऑरेंट्राइख यांनी १९५९ साली घातला. एकेक केसगुच्छ स्वतंत्र काढण्याची एफ. यू. ई. पद्धत २००२ नंतर रूढ झाली. व्रणाची जमीन कठीण असते, रक्तपुरवठा कमी असतो. म्हणून थोड्या जागेत चाचणी घ्यावी, रोपे विरळ लावावीत, गरज पडल्यास दुसरी बैठक करावी. लावलेले केस काही आठवड्यांत गळतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पुन्हा उगवू लागतात आणि अंतिम फळ वर्षभराने दिसते. हे न सांगितल्यास रुग्ण दुसऱ्याच महिन्यात निराश होतो.

झाकण्याचे उपाय

प्रत्येकाला शस्त्रक्रिया हवीच असते असे नाही, आणि झाकणे म्हणजे पराभव नव्हे. केराटिनचे बारीक तंतू भुरभुरले की ते शेजारच्या केसांना चिकटून जागा भरल्यासारखी दिसते. साफ उघड्या व्रणावर मात्र त्यांना आधार मिळत नाही. केसांच्या खुंटांसारखे सूक्ष्म ठिपके गोंदवून घेण्याची पद्धत बारीक केस ठेवणाऱ्या पुरुषांना चांगली मानवते. रंग काही वर्षांत फिका पडतो, आणि निर्जंतुक सुया व अनुभवी हात या दोन बाबतींत तडजोड नको. स्त्रियांसाठी गंगावन किंवा केसांचा टोप आहेच. क्लिप रोज एकाच जागी घट्ट लावू नये; त्या ताणाने आणखी केस जातात.

एका महाविद्यालयीन मुलीच्या मस्तकाचा जवळजवळ चौथा भाग भाजलेला होता. ‘पाहण्याचे कार्यक्रम सुरू व्हायच्या आत उरकून टाका’, असा पालकांचा आग्रह होता. मी तिला एकटीला बोलावून विचारले. ती म्हणाली, ‘डॉक्टर, डोक्यावर फुगा घेऊन मी कॉलेजात जाणार नाही. मला गंगावन चालते. आणि ज्यांना सांगायचे त्यांना मी स्वतः सांगेन.’ मी पालकांना थांबण्याचा सल्ला दिला. ते काहीसे नाराज होऊन गेले. तीन वर्षांनी नोकरी लागल्यावर ती आपणहून आली, रजा घेऊन तिने एक्स्पांडरचे दोन्ही टप्पे पार पाडले आणि ते दिवस तिने ज्या धीराने काढले, तो धीर तीन वर्षांपूर्वी आमच्या आग्रहातून आला नसता. उपचाराची वेळ ठरविण्याचा पहिला हक्क ज्याच्या डोक्यावर व्रण आहे त्याचा असतो.

व्रण टाळणे

आपल्या भागात गुऱ्हाळे, पिठाच्या गिरण्या, मळणी यंत्रे आहेत. मोकळी वेणी किंवा पदर फिरत्या पट्ट्यात सापडला, तर संपूर्ण मस्तकाची त्वचा क्षणार्धात सोलून निघते. अशा वेळी डोक्यावर स्वच्छ कापड घट्ट दाबून रक्तस्राव थांबवावा. सुटलेली त्वचा कदापि टाकून देऊ नये. ती स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावी, पिशवी बर्फावर ठेवावी (त्वचेला बर्फ थेट लागू देऊ नये) आणि रुग्णासह मायक्रोसर्जरीची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने पाठवावी. मस्तकाची त्वचा रक्तवाहिन्या जोडून परत बसविण्यात मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांना ऑस्ट्रेलियात यश आले, ते त्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केले. आपल्या देशात लुधियानाच्या डॉ. अब्राहम थॉमस यांनी १९९४ साली शेतीच्या यंत्रात केस अडकलेल्या नऊ वर्षांच्या मुलीचा चेहरा व मस्तकाची त्वचा पुन्हा जोडली. घरच्या माणसांनी ते तुकडे जपून आणले, म्हणूनच ती शस्त्रक्रिया शक्य झाली. एवढी जाण आपल्या प्रत्येक खेड्यात पोहोचली पाहिजे.

डोक्याच्या जखमेत हळद, चुना वा कॉफीची पूड भरण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. तिने जखम दूषित होते आणि व्रण रुंदावतो. जखम स्वच्छ धुऊन थरवार टाके घातले, तर बहुतेक व्रण केसांत सहज लपून जातात.

आपल्या सोसायटीतील सहकारी डॉक्टरांना एवढीच विनंती आहे. अशा रुग्णाने ‘काही नाही, जुने आहे’ म्हटले, तरी केस बाजूला सारून ती जागा एकदा पाहावी; आणि समाजबांधवांनी ती जागा पाहिल्यावर ‘हे कसे झाले?’ असा प्रश्न चारचौघांत विचारू नये. पहिल्या गोष्टीने एखाद्याचा जीव वाचेल. दुसरीने त्याची मान ताठ राहील.