समुद्रात असूनही इंजिन का तापते?

मुंबईच्या ससून डॉकला किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला कधी गेलात, तर परतणाऱ्या मासेमारी नौकांकडे नीट पाहा. इंजिन चालू असताना पुष्कळशा नौकांच्या कुशीतून किंवा मागच्या बाजूने पाण्याची धार सतत बाहेर पडत असते. काही नौकांत ती धुराबरोबरच फसफसत येते. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी. ती थांबली, की तांडेल सावध होतो. खडकाळ किनाऱ्याजवळ, वारा जमिनीकडे वाहत असताना इंजिन बंद पडले, तर नौका आणि खलाशी दोन्ही धोक्यात येतात.

चहूकडे पाणीच पाणी असताना इंजिन तापावे, हे नवलच नाही का? याचे उत्तर उष्णतेच्या जमाखर्चात आहे.

उष्णतेचा हिशेब

डिझेल जळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा पंखा फिरवते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि उरलेली बहुतेक थंड करणाऱ्या पाण्याला मिळते. मोटारीला समोरून वारा लागतो; नौकेचे इंजिन मात्र तिच्या पोटात, बंद जागेत असते. म्हणून त्याची उष्णता समुद्रालाच द्यावी लागते.

समजा, दर सेकंदाला ५० किलोज्यूल उष्णता समुद्राच्या पाण्याला द्यायची आहे. १ किलोग्रॅम समुद्राचे पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४ किलोज्यूल लागतात. पाणी १२ अंशांनीच तापू द्यायचे असेल, तर दर सेकंदाला सुमारे १ लिटर पाणी खेचावे लागेल. म्हणजे २८ अंशांचे पाणी आत येईल आणि ४० अंशांचे होऊन बाहेर पडेल.

आता प्रवाह निम्मा झाला, तर? उष्णता तेवढीच, पाणी अर्धे. म्हणून तापमानातील वाढ दुप्पट. पाणी ५२ अंशांच्या पुढे जाईल. ५५ अंशांच्या आसपास समुद्राच्या पाण्यातील क्षार नळ्यांत भराभर साचू लागतात. नळ्या अरुंद होतात, प्रवाह आणखी घटतो आणि इंजिन आणखी तापते!

यासाठी अनेक इंजिनांत पाण्याचे दोन वेगळे मार्ग असतात. गोडे पाणी इंजिनाच्या आत फिरत राहते. समुद्राचे पाणी बारीक नळ्यांच्या एका जुडग्यातून जाते आणि गोड्या पाण्याची उष्णता घेऊन बाहेर पडते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत.

दोष कसा शोधतात?

कुशल मेकॅनिक दिसेल तो भाग उघडत नाही. तो आधी धार पाहतो. त्या एका निरीक्षणाने अर्धे काम होते.

धार बारीक असेल, तर दोष समुद्राच्या पाण्याच्या मार्गात. तळाची झडप पुरती उघडी आहे ना? गाळणीत प्लॅस्टिकची पिशवी किंवा शेवाळ अडकले आहे का? त्यानंतर पंप पाहायचा. त्यात रबरी पात्यांचे चक्र असते. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून ठेवली, की पाती महिनोन्‌महिने एकाच जागी वाकलेली राहतात आणि त्यांना तसाच बाक पडतो. पुढे त्यांची पकड कमी होते, कधी ती तुटतातही. तुटलेला प्रत्येक तुकडा शोधून काढावा लागतो. नाहीतर तो प्रवाहाबरोबर पुढे जाऊन नळ्यांत अडकतो आणि पंप नवा बसवूनही इंजिन तापतच राहते.

धार भरपूर आहे, तरीही काटा चढतो? मग दोष बहुधा गोड्या पाण्याच्या मार्गात. पाणी कमी झाले असेल, पंपाचा पट्टा सैल असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा नळ्यांवर क्षारांचा थर बसला असेल.

आणि दोन्ही मार्ग ठीक असतील, पण वेग वाढवला की इंजिन तापत असेल, तर? तेव्हा पंख्याकडे पाहावे. त्यात जाळे गुंतले असेल किंवा तळावर कालवांसारखे जीव दाट चिकटले असतील, तर इंजिनावर भार पडतो आणि जास्त डिझेल जळते. येथे उष्णता जाण्यात अडथळा नाही. ती निर्माणच जादा होते आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

तापलेल्या इंजिनाच्या टाकीचे झाकण कधीही उघडू नये. आत दाब असतो. वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली पाणी १०० नव्हे, तर सुमारे १२० अंशांना उकळते. झाकण काढताच दाब उतरतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि हातातोंडावर उसळते. इंजिनावर गार पाणी ओतणेही घातक, कारण धातू असमान आकुंचन पावून त्याला तडा जाऊ शकतो.

तापमानाच्या काट्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पाणी पार संपले, की संवेदक कोरडा पडतो आणि काटा कमीच तापमान दाखवू शकतो!

करून पाहा

एखाद्या गॅरेजमधून जुना थर्मोस्टॅट मिळवा. घरातील मोठ्या माणसाला सोबत घ्या. थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात टांगा, शेजारी तापमापक धरा आणि पाणी हळूहळू तापवा. आतील मेण वितळून प्रसरण पावते आणि झडप उघडते. ती कोणत्या तापमानाला उघडू लागली, हे टिपून ठेवा. पुष्कळ थर्मोस्टॅटवर हा आकडा कोरलेला असतो. तो तुमच्या आकड्याशी जुळतो का, पाहा. पाणी उकळू लागले तरी झडप मिटलेलीच राहिली, तर त्या इंजिनाच्या तापण्याचे एक कारण तुम्हीच शोधून काढलेत, असे समजा!