दाढ, लवंग आणि बाभळीची साल

वर्धा जिल्ह्यातले अल्लीपूर हे माझे आजोळ. गेल्या पोळ्याला तेथे गेलो आणि पंगतीत पहिल्याच घासाला खालच्या दाढेतले भरण निघून हाती आले. अडकित्त्याशी झुंजताना ते निघाले असते तर वाईट वाटले नसते. पण पुरणपोळीने निघावे! ते तिसऱ्यांदा बसवलेले होते. दुपारपर्यंत कळ कानापर्यंत पोचली.

मामींनी ताट सरकवले. "दात दुखून राहिला का रे बाप्पा? थांब, लवंगाचं तेल लावून देतो." कापसाचा बोळा दाढेत बसला आणि घटकाभरात मला माणसात आल्यासारखे वाटले. मामींच्या स्वतःच्या दाढेतही वर्षभर असाच बोळा होता, हे मला तेव्हा समजले. डॉक्टरकडे जायला त्या तयार नव्हत्या. डॉक्टर दात उपटतो, एवढीच त्यांची समजूत. तीही उगाच नव्हे. माझ्या आईचे सगळे दात पन्नाशीच्या आत असेच गेले.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला एका दंतवैद्य बाईंकडे गेलो. तोंड उघडताच त्यांनी विचारले, "लवंग लावलीत ना?" वास लपत नाही. लवंगेतले युजेनॉल ठणका शमवते. जस्ताच्या भस्मात लवंगेचे तेल कालवून केलेले सिमेंट दंतवैद्य एकोणिसाव्या शतकापासून वापरत आले आहेत. गंमत अशी की हल्लीच्या दाताच्या रंगाच्या भरणाला तेच युजेनॉल वैरी आहे. ते राळेला नीट घट्ट होऊ देत नाही. म्हणून त्या दिवशी बाईंनी दाढ नुसती साफ केली, युजेनॉल नसलेले तात्पुरते सिमेंट भरले आणि मला पंधरा दिवसांनी बोलावले.

"सगळी कीड काढलीत ना?" मी विचारले.

"नाही. मुद्दाम ठेवली आहे थोडी."

मी खुर्चीतच उठून बसलो. तेव्हा त्यांनी समजावले. कीड म्हणजे अळी नव्हे; जंतूंनी केलेले आम्ल दातातला चुना विरघळवते आणि मागे उरते कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे जाळे. वरचा भुसभुशीत भाग खरवडून काढायचा; पण खड्डा खोल असेल तर नसेच्या अगदी जवळचा थर तसाच राखायचा. तोही खरवडला तर नस उघडी पडते. कडा निरोगी भागावर पक्क्या बंद केल्या की आतल्या जंतूंची उपासमार होते. २०१६ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन हाच सल्ला दिला. "तो थर हाताला कातड्यासारखा चिवट लागतो," बाई म्हणाल्या.

कातडे म्हटल्यावर मला वर्ध्याजवळची नालवाडी आठवली. १९३०च्या दशकात गांधीजींच्या ग्रामोद्योगांपैकी एक चर्मालय गोपाळराव वाळुंजकरांनी तेथे चालवले. कच्चे कातडे चार दिवसांत कुजते; बाभळीच्या सालीच्या किंवा हिरड्याच्या पाण्यात मुरले की वर्षानुवर्षे टिकते. हे काम करते त्यातले तुरट द्रव्य, टॅनिन. ते कातड्यातल्या कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधून टाकते. आणि कातड्यातले कोलॅजन व दाताच्या गाभ्यातले कोलॅजन एकाच जातीचे!

मी ही शंका भीत भीत बोलून दाखवली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "संशोधन त्याच वाटेने चालले आहे." भरण चिकटवण्याआधी आम्लाने दात किंचित खरखरीत करायचा, ही युक्ती १९५५ साली ब्युओनोकोर यांनी दातावरच्या कवचासाठी काढली. पुढे १९८२ मध्ये जपानच्या नाकाबायाशींनी दाखवले, की आतल्या गाभ्यात राळ कोलॅजनच्या जाळ्यात झिरपून घट्ट होते आणि दात व भरण यांची गाठ तेथे बसते. पण राळ जिथे पोचत नाही तिथले धागे उघडे राहतात. दातातलीच पाचक द्रव्ये काही वर्षांत ते कुरतडतात आणि बाहेरून धडधाकट दिसणारे भरण आतून सुटते. माझी पुरणपोळी बिचारी निमित्तमात्र असावी!

यावर द्राक्षांच्या बियांचा अर्क चोळून पाहण्यात आला. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात आना बेद्रान-रुसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम केले. बियांतले तुरट द्रव्य बाभळीच्या सालीतल्या द्रव्याच्याच कुळातले. त्याने गाभा अधिक ताठ होतो आणि कुरतडणाऱ्या द्रव्यांनाही आळा बसतो. म्हणजे दाताच्या भिंतीच कमावायच्या, चांभार कातडे कमावतो तशा.

"मग लावा की मला!" मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. हे प्रयोग मुख्यतः काढलेल्या दातांवर झालेले आहेत. अर्काने दात तपकिरी होतो. तो मुरायला वेळ हवा, आणि रोगी तोंड उघडे ठेवून किती वेळ बसणार? शिवाय राळेतच कालवला तर तो लवंगेप्रमाणेच तिच्या घट्ट होण्यात आडवा येतो. जाहिरातीतल्या 'वनस्पतीयुक्त' शब्दाला भुलणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकणे जरुरीचे होते. माझी दाढ पंधरा दिवसांनी नेहमीच्या पद्धतीनेच भरली गेली.

ही सारी कथा मी अल्लीपूरला मामींना सांगितली. त्यांनी निवडायची तूर बाजूला ठेवून ऐकली आणि विजयी मुद्रेने म्हणाल्या, "म्हणजे धुऱ्यावरच्या बाभळीचं दातवण बरोबरच होतं म्हण!"

वाग्भटानेही दातवणाला तुरट, तिखट, कडू लाकडेच सांगितली आहेत, तेव्हा मला थोडे माघार घेणे भाग होते. पण दातवण बाहेरून घासते; खड्ड्याच्या तळाशी ते पोचत नाही, आणि लवंग ठणका थांबवते, कीड नव्हे. दुखणे थांबले म्हणून आपण स्वस्थ बसतो आणि कीड तेवढ्यात नसेपर्यंत जाते. एवढे मात्र मी त्यांना निक्षून सांगितले.

मामी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "ती बाई खरंच थोडी कीड ठेवते? उपटत नाही?"

"दाढ वाचण्यासारखी असली तर नाही."

"मग सोमवारी चाल माझ्यासंगं. पण माझ्यासमोर तिला विचारजो."